इन्सुलिन पर्समध्ये ठेव

मुलीचं पहिलं बाळंतपण टोरंटोला होतं. माझी अँजिओप्लास्टी नुकतीच झालेली. एवढ्या लांबच्या प्रवासाला डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. त्यामुळे बायको एकटीच जाणार होती.

तिला बऱ्याच वर्षांचा मधुमेह. रोज सकाळी चहाआधी तिला दंडात इन्सुलिन टोचायचं काम माझं. सुई तिला बघवत नसे. ती स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून खिडकीबाहेर बघायची आणि आमच्या कोथरूडच्या सोसायटीत आज कुणाची स्कूटर चालू होत नाहीये ते मला सांगायची. तेवढ्यात माझं काम उरकायचं. "टोचलंत?" ती दचकून विचारायची. रोज.

आता ते तिचं तिला जमायला हवं होतं. डॉक्टरांनी बाटली आणि सिरिंजऐवजी इन्सुलिनचं पेन लिहून दिलं. पहिल्या दिवशी तिने पेन पोटाशी नेलं आणि परत टेबलावर ठेवलं.

"अहो, मला नाही जमायचं. तिकीट रद्द करा."

"तिकडे लेक वाट बघतेय."

"मग समोर उभे राहू नका. बाहेर जा."

मी गॅलरीत गेलो. बऱ्याच वेळाने कपबशा मांडल्याचा आवाज आला, तेव्हा कळलं की जमलं.

सामान भरताना डिंकाचे लाडू, मेतकूट, झबली-टोपडी यांच्यातच तिने औषधंही ठेवली. साड्यांच्या घडीत पेनं फुटणार नाहीत, असं तिचं म्हणणं. मी ती काढून घेतली.

"विमानात सामानाच्या जागी थंडीने इन्सुलिन गोठू शकतं. गोठलं की फेकून द्यायचं. आणि बॅग भलत्याच गावी गेली तर? पर्समध्ये ठेव."

गोळ्या सुट्या करून डबीत भरायचा तिचा बेतही मी मोडला. औषधाचं नाव पाकिटावर दिसायला हवं आणि ते डॉक्टरांच्या चिठ्ठीतल्या नावाशी जुळायला हवं. जास्तीची पेनं मी थंड पाऊचमध्ये ठेवली. बर्फाचं पाकीट त्यांना चिकटू नये म्हणून नॅपकिनमध्ये गुंडाळलं. सुया, चिठ्ठी आणि साखर एकदम उतरलीच तर ग्लुकोज, सगळं हाताशी.

"मोठी बॅग तुझी, ही पर्स माझी," मी म्हटलं.

"मग तुम्हीच या की घेऊन."

ती हसली. मी पर्सची चेन लावली.

लोहगावला विमानतळाच्या दारापर्यंतच जाता आलं. काचेतून तिची पाठ दिसत होती, मग तीही दिसेनाशी झाली. थोड्या वेळाने फोन आला. "मी आधीच सांगितलं, इन्सुलिन आहे म्हणून. चिठ्ठी दाखवली. 'जाइए माताजी' म्हणाला तो तपासणीचा जवान." आवाजात अशी ऐट मी फार दिवसांनी ऐकली होती.

त्यानंतर कितीतरी दिवस सकाळी उठलो की हात आपसूक फ्रिजकडे जायचा. माझ्या संध्याकाळी तिची सकाळ व्हायची. व्हिडिओ कॉलवर मी विचारायचो, "घेतलंस?" ती म्हणायची, "केव्हाच," आणि बाळाला कॅमेऱ्यासमोर धरायची. नातू गोड होता. मी त्याच्या मागे दिसणारा तिचा खांदा बघत असे.

ती परत आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी लवकर उठलो, हात धुतले, पेन काढायला फ्रिज उघडला.

"अहो, झालं माझं मघाशीच," ती चहा गाळत म्हणाली.

चांगलंच झालं ते. डॉक्टरांनीही तिला शाबासकी दिली. पण काही दिवसांनी मी हळूच विचारलं, "एखाद्या दिवशी मी देऊ का?"

"तुमची सवय मोडली असेल आता," ती म्हणाली आणि नातवाला दात कसे येतायत ते सांगू लागली. मी ऐकत होतो. तिच्या दंडावरची ती जागा, जिथे मी इतकी वर्षं कापूस दाबून धरत असे, माझ्या अगदी हाताच्या अंतरावर होती.