आमच्या गाडीचा हँडब्रेक

आमच्या गाडीचा हँडब्रेक म्हणजे आमच्या आक्का. थट्टा नव्हे, खरं सांगते. गाडीतला लोखंडी दांडा ओढला की कटकट वाजायचा, वरही यायचा, आणि गाडी मात्र खुशाल मागं घरंगळायची. म्हणून गाडी कुठं थांबायला लागली की मागच्या सीटवरून आक्का खाली उडी टाकायच्या आणि मांडीवरचा बाभळीचा ठोकळा चाकाखाली सारायच्या. निपाणीच्या बाजारात बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. आक्कांना त्याचं काहीच वाटत नसे.

आक्का माझी थोरली नणंद. लग्नाला दोन वर्षं झाली नाहीत तोवर नवरा मानमोडीच्या तापाच्या साथीत गेला आणि त्या माहेरी परतल्या त्या कायमच्या. घरची तंबाखूची वखार होती. सासऱ्यांनी बरकतीच्या दिवसांत ही मोटार घेतली. ते गेले, बरकत गेली, मोटार राहिली. त्यात लढाई सुरू झालेली. पेट्रोल कुपनावर मिळायचं, सुटे भाग तर डोळ्यांनी दिसायचे नाहीत. "लढाई संपू दे, मग बघू," असं म्हणत आमचे हे ती गाडी चालवायचे.

हँडब्रेक परवडला असं ते मागचं डावं चाक होतं. त्याच्यावरच्या स्प्रिंगचा एक पाटा तुटलेला, तो तारेनं करकचून बांधलेला. त्यामुळे गाडीत कुणी कुठं बसायचं हे आक्का ठरवायच्या, आणि तेही वजन बघून. वखारीत तंबाखूचे बोद, ते गच्च बांधलेले गठ्ठे, तोलून त्यांची नजर तयार झालेली. एकदा मामलेदारांच्या मंडळींना भर रस्त्यात म्हणाल्या, "वैनीसाब, तुमी उजवीकडं बसा. डावीकडं पाटा सोसायचा न्हाय." त्या बाई पुन्हा आमच्या गाडीची पायरी चढल्या नाहीत. मला दिवस गेल्यावर तर दर महिन्याला माझी जागा बदलायची. एकदा चिडून मी म्हटलं, "आक्का, मी काय तंबाखूचा बोद आहे?"

"बोद परवडला गं," म्हणाल्या. "त्यो उलट बोलत न्हाय."

असलं बोलणं ऐकून कुणाला राग येणार नाही? मलाही यायचा. पण हे दिवस माझे दुसऱ्या खेपेचे होते. पहिलं मूल घरीच, सुईणीच्या हातात गेलं होतं, आणि त्यानंतर कितीतरी रात्री माझ्या उशाशी बसून राहिल्या त्या आक्काच. या खेपेला बेळगावच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं होतं की मूल आडवं आहे, कळा सुरू व्हायच्या आत इथं येऊन राहा, घरी राहिलात तर दोघांचंही खरं नाही. ते ऐकल्यापासून माझ्या जिवाला थारा नव्हता.

निघायच्या दिवशी सासूबाई आडव्या आल्या. सासूबाई म्हणजे आक्कांच्या सख्ख्या आई, पण रीतीला पक्क्या. "बाळंतपणाला निघालेल्या सवाष्णीसंगं तू कशाला?" लेकीला म्हणाल्या. "तुझं कपाळ असं. अपशकुन नको."

आक्कांनी ठोकळा काखेत मारला. "मग हँडब्रेक कोण, तू व्हणार?" एवढंच म्हणाल्या आणि डावीकडं जाऊन बसल्या.

तवंदीच्या घाटाला लागलो तेव्हा ऊन कलत होतं. निम्मा चढ झाला असेल, वळणावर बघतो तर पुढं एक भरलेली बैलगाडी आडवी पडलेली, आस मोडून. यांनी पायाचा ब्रेक दाबला, आक्का खाली गेल्या, ठोकळा लागला. धक्का बसला तशी मागून काहीतरी तुटल्याचा आवाज आला. तारेनं बांधलेला पाटा होता तो. गाडी डावीकडं कलली ती टायर वरच्या पत्र्याला टेकलाच.

आणि मला पहिली कळ आली.

मी ओठ चावून गप्प बसले. वाटलं, प्रवासानं पोट दुखत असेल. दुसरी आली तेव्हा किंचाळले. हे गोरेमोरे झाले, त्यांना काही सुचेना. आक्कांनी खिडकीतून माझ्या पोटावर हात ठेवला, जरा वेळ थांबल्या आणि बैलगाडीवाल्यांकडं धावल्या. अर्ध्या मराठीत अर्ध्या कानडीत काय बोलल्या कोण जाणे, पण त्या चौघांनी बैल सोडून मोडकी गाडी कडेला लोटली. वाट मोकळी झाली.

आता चढावर गाडी उचलायची. ब्रेकवरचा पाय काढला की गाडी मागं जाणार, आणि मागं दरी. यांनी पहिल्यांदा उचलली ती बंद पडली. ठोकळा खडीवरून सरकला. गाडी हातभर मागं गेली, आणि मी मागच्या काचेतून बघितलं तर आक्का खांदा लावून गाडीला रेटून उभ्या. एवढीशी बाई, तिच्यानं काय गाडी थांबणार होती? गाडीवाले धावले म्हणून सावरलो. त्यांनीच हाताएवढा दगड आणून ठोकळ्यामागं टाकला.

आक्का यांच्या खिडकीशी आल्या. "दादू, नीट ऐक. ही मंडळी मागनं ढकलत्यात. गाडी उचलली की थांबायचं न्हाय. माथ्यावर बी न्हाय."

"आणि तू?"

"मी चढलो तर टायर घासून फाटतोय. पोरीचं बाळ आडवं हाय. मला घिऊन जातोस का तिला?"

"आक्का, तुला घाटात एकटी टाकून..."

"मला काय वाघ खातोय व्हय? हाण गाडी."

मी दाराला धरून रडत होते. आक्का, या हो, चला हो, एवढंच तोंडातून निघत होतं. यांनी गाडी उचलली. माणसांनी रेटा दिला. गाडीनं पकड घेतली तशी आक्कांनी ठोकळा उचलला, अनवाणी पळत आल्या आणि उघड्या दारातून माझ्या पायाशी टाकला. पुढं कुठं थांबावं लागलं तर हवा म्हणून. मग वळण आलं आणि त्या दिसेनाशा झाल्या. बेळगाव येईतो हे रडत होते, पण गाडी थांबवली नाही.

ऑपरेशन झालं. मुलगी जगली, मी जगले. दुसऱ्या दिवशी दुपारी आक्का दवाखान्यात पोचल्या, घाटमाथ्यापर्यंत अनवाणी चालत, संकेश्वरपर्यंत बैलगाडीनं आणि पुढं सर्व्हिस मोटारीनं. पाय सुजून भोपळा झालेले. दोघी बऱ्या आहेत एवढं ऐकलं आणि बाहेरच्या फरशीवर बसल्या. बाळंतिणीच्या खोलीत मात्र पाऊल टाकलं नाही.

बारसं निपाणीला झालं. मुलीच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं. सख्खी आत्या घरात असताना सासूबाईंनी बोरगावहून एक चुलत आत्या बोलावून आणली, आणि आक्का सकाळपासून सैपाकघरात घुगऱ्या ढवळत बसल्या. पाळण्याभोवती बायका जमल्या, चुलत आत्या पुढं सरकली, आणि माझं डोकं फिरलं. पोरीला उचललं आणि तडक आत गेले.

"आक्का, नाव तुम्ही सांगायचं."

"खुळी हाईस काय? भाईर बायका हाईत. आई काय म्हणंल?"

"म्हणू देत. तुम्ही सांगितल्याशिवाय मी इथनं हलायची नाही."

त्यांनी हात पदराला पुसले, पोरीला मांडीवर घेतलं. मग वाकून तिच्या कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं.

रीतीप्रमाणं आता बायकांनी आत्याच्या पाठीत गुद्दे घालायचे. त्या दारात येऊन थांबल्या होत्या, पण कुणी पुढं होईना. बिननवऱ्याच्या बाईची असली थट्टा कोण करणार? आक्का पाठ वाकवून तशाच बसून राहिल्या.

बायकांना बाजूला सारत सासूबाई आत आल्या. चेहरा लालबुंद. आता पोर हिसकावून घेतात, असं वाटून मी मध्ये झाले. मला हातानं दूर करून त्या लेकीमागं उभ्या राहिल्या, मूठ वळली आणि आक्कांच्या पाठीत एक गुद्दा घातला. मग दुसरा घातला. तिसऱ्याला उचललेली मूठ उघडली, आणि तो हात त्यांनी लेकीच्या पाठीवर ठेवला.