मामांवर एक प्रकरण

माझी पीएचडी चुंबकातल्या स्पिन लाटांच्या सिद्धांतावर आहे, हे बाबांनी नांदेडात सगळ्यांना सांगून टाकलं होतं. सांगताना चुंबक आणि स्पिन तेवढे गळायचे. मग लोक मला विचारायचे, "लाटा? मंग विष्णुपुरीच्या धरणावर जावं लागत असंल?" मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणायचे, "हाव, जावं लागतं की." एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले बाबा, कुणाला निराश करणं त्यांच्या जिवावर यायचं.

माझ्या चुलत बहिणीचा साखरपुडा जळकोटला होता. मुलाकडची वडीलधारी मंडळी सतरंजीवर एका ओळीत बसली होती. ओळीच्या मधोमध मुलाचे मामा, भिंतीकडं तोंड करून. त्यांना आहेरात टोपी मिळाली होती, टॉवेल मिळाला नव्हता.

कुणीतरी माझ्या शिक्षणाचा विषय काढला आणि बाबा उठलेच. "थांबा, दाखवतोच," म्हणत त्यांनी पहिल्या पाहुण्याला खांद्यानं ढकललं. तो दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर. चहा सांडला.

"बाबा, ढकलायचं नसतं!" मी ओरडले. "एकानं दुसऱ्याला ढकलत जाते ती आवाजाची लाट."

"मंग तूच सांग की माय."

मी सांगितलं. चुंबकातला एकेक अणू म्हणजे जणू एक बारकी सुई. सगळ्या सुया एकाच दिशेला ताठ उभ्या. त्यातली एक जराशी कलून गोल डुलायला लागली की शेजारचीही डुलते, पण किंचित मागून. मग तिच्या शेजारची. जागा कुणीच सोडत नाही, डोल मात्र पुढं जातो.

पाहुणे माना गोल फिरवायला लागले. एकाची मान खाली, तेव्हा पुढच्याची अर्ध्यात. फोटोग्राफर नवरा-नवरीला सोडून इकडं आला. लाट झकास निघाली आणि मामांपाशी येऊन थांबली. मामा हलेनात. त्यांच्या अलीकडचे काका गोंधळून उलटे फिरायला लागले, त्यांचं बघून त्यांच्या मागचे, आणि लाट आली तशी परत गेली.

मला इतका आनंद झाला, की मी बोलून गेले, "बघा! अगदी असंच होतं. असा अणू मध्ये आला की लाट माघारी फिरते. त्याला आम्ही दोष म्हणतो."

माना जागच्या जागी थांबल्या.

मामा सावकाश वळले. "आमी दोष? टॉवेल न्हाई तर न्हाई, वरून दोष? उठा रे. ही सोयरीक न्हाई व्हायची."

चुलती पदर तोंडाला लावून रडायला लागली. बाबा माझ्याकडं असे बघत होते, जणू मीच सुटे पैसे न घेता गाडीत चढले होते. मी जे खरं होतं तेच बोलले.

"मामा, सगळ्या सुया सारख्या असल्या तर त्यात बघण्यासारखं फार राहत नाही. ते गणित लोकांनी कधीच सोडवून ठेवलंय. खरी मजा वेगळ्या अणूजवळ असते. तो लाट वाकवतो, माघारी धाडतो, कधी आपल्यापाशी अडकवून ठेवतो. माझ्या प्रबंधातलं सगळ्यात मोठं प्रकरण त्याच्यावरच आहे."

मामांनी विचारलं, "आख्खं प्रकरण?"

"आख्खं."

"आन् ह्या बाकीच्यायवर?"

"प्रस्तावनेत दोन ओळी."

मामांनी ओळीवर एक नजर टाकली. टोपी सारखी केली, मांडी घालून ऐसपैस बसले. "आता सुरू करा. आमी बघतो, जाऊ द्यायची का न्हाई ते."

साखरपुडा झाला. मामांनी दोन लाटा जाऊ दिल्या, एक अडवली.

परतीच्या एसटीत बाबा एकदम म्हणाले, "चुंबक तापलं तर काय होतं गं?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला विषयातला प्रश्न पहिल्यांदाच विचारला होता. मी सरसावून बसले. "लाटा वाढत जातात, बाबा. सुयांची शिस्त बिघडते. फारच तापलं तर चुंबकपण राहत नाही."

बाबांनी गंभीरपणे मान हलवली.

"मंग लग्नाला कूलर सांगावे लागतील," ते म्हणाले आणि तिथूनच चुलत्यांना फोन लावला.