कुहीच्या पुढचा सिग्नल

माझा मोठा भाऊ नागपुरात दवाखान्यात होता आणि आई कुहीच्या पुढे आमच्या गावी, खुब्याचं हाड मोडून खाटेवर. डॉक्टरांनी दुपारी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता फार वेळ नाही. आईला आणणं शक्य नव्हतं. भाऊ म्हणाला, "माय दिसली पाहिजे."

मी इंटरनेटच्या कंपनीत आहे. कुहीपर्यंत जमिनीखालून फायबरची केबल जाते. तिथून गावापर्यंत दोन टॉवरवरच्या डिश हवेतून सिग्नल देतात-घेतात. गावाकडची डिश मीच बसवली. तेव्हा भाऊ खाली उभा राहून ओरडत होता, "पडशील ना बे!"

व्हिडिओ कॉल लावून शेजारणीने आईसमोर फोन धरला. आईचा चेहरा आला आणि चौकटी-चौकटींत फुटला. भाऊ बोलत होता, पण तिकडे काही पोचत नव्हतं.

"काहून बोलून नाही राहिला गा तो?" एवढंच तिचं वाक्य धड ऐकू आलं.

मी ऑफिसला फोन केला. सहकाऱ्याने पाहून सांगितलं, फायबर ठीक आहे. जवळच्या टॉवरवर कुणीतरी आपल्याच फ्रिक्वेन्सीवर नवी डिश लावली आहे आणि तिचा सिग्नल आपल्या सिग्नलवर पडतोय. आपलं चॅनल बदलता येईल, पण ते होईपर्यंत दोन टॉवरमधली लिंक बंद राहील.

मी भावाला विचारलं, "असंच तुटक चालू ठेवू?"

"नाही, बदल. मले तिचं तोंड नीट पाहू दे."

लिंक बंद झाली. त्याने माझं मनगट धरलं होतं. थोड्या वेळाने पकड सैल पडली. नर्सने ऑक्सिजन वाढवला, हाका मारल्या. त्याने डोळे उघडले नाहीत.

तेवढ्यात लिंक सुरू झाली आणि आईचा फोन आला. ती अगदी स्पष्ट दिसत होती.

"झोपला का गा?"

"हो."

"झोपू दे. उठवू नको त्याले. मी पाहून राहिली ना."

मी फोन त्याच्या चेहऱ्यासमोर धरून उभा राहिलो. हात भरून आला, तरी हलवला नाही. ती त्याच्याशी हळूहळू बोलत राहिली. एकही शब्द तुटला नाही. संध्याकाळी तो गेला.

त्याला गावी नेलं. सगळं आटोपल्यावर मी आईच्या खाटेशी बसलो. ती म्हणाली, "मले तेव्हाच समजलं होतं गा. तू हो म्हटलं, म्हणून मीही झोपू दे म्हटलं."