म्हैसूरचे दिवे

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. भावाला नाही, पोरांना नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुमच्याकडून मला काही विकत घ्यायचं नाही. घ्यायचं असतं तर खरं बोललोच नसतो.

सोलापुरात माझं चादरी-टॉवेलचं दुकान आहे. सुरुवात सायकलवरच्या गठ्ठ्यापासून झाली. मोडनिंब, करमाळा, जिथं बाजार तिथं मी. समोरच्यानं भाव सांगितला की माझं डोकं तापतं, आजही तापतं. आणि घासाघिशीत माझी जोडीदार म्हणजे माझी बायको, शालन. आमची रीत ठरलेली. वस्तू कितीही आवडली तरी तिनं तोंडावर दिसू द्यायचं नाही. मी भाव पाडायचा, आणि गाडी अडली की तिनं उठून माझी बाही ओढायची, “अवो, चला की. ऱ्हाऊ द्या.” आम्ही पायरी उतरायचो आणि मागून हाक यायची. यायचीच. आमच्याकडं कुठला दुकानदार गिऱ्हाईक असं जाऊ देतो?

शालनला एकच गाव बघायचं होतं — म्हैसूर. टॉवेलच्या दशा वळायला बसायची तेव्हा सुई-दोरा ठेवायला तिच्याजवळ बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असायचा. त्याच्या झाकणावर दिव्यांनी लखलखलेला राजवाडा. रविवारी संध्याकाळी थोडाच वेळ ते दिवे लावतात, हेही तिनंच कुणाकुणाला विचारून ठेवलेलं. पोरीचं लग्न उरकलं आणि आम्ही निघालो. रविवारी तिथं असू, असंच बघून निघालो. परतीची गाडी त्याच रात्रीची.

खरं सांगू? मला म्हैसूर पटलंच नाही. टेकडीवरचा नंदी मला वाटलं डोंगराएवढा असेल — निघाला बऱ्यापैकी मोठा, एवढंच. कारंज्यांच्या बागेत पाण्यापेक्षा माणसंच जास्त. राजवाडा दिवसा आतून बघितला. छताकडं बघावं तर मागचा माणूस पाठीत ढकलतोय. प्रत्येक ठिकाणी मी म्हणायचो, “ह्याच्यासाठी एवढ्या लांब आलो होय?” शालनचा चेहरा कोरा. मला वाटलं, तिलाही पटत नाहीये —

नाही. हे खोटं आहे. मला तसं वाटलं नव्हतं. तो कोरा चेहरा तिला कुणी शिकवला होता, हे मला पक्कं ठाऊक होतं.

ऊन उतरल्यावर मी एका रेशमी साड्यांच्या दुकानात शिरलो. ती नको म्हणत होती. म्हैसूरला येऊन रिकाम्या हातानं जायचं? मला ते बरं वाटेना. एक मोरपंखी साडी काढायला लावली. दुकानदार अगदी शांत माणूस. त्यानं भाव सांगितला, मी निम्मा सांगितला. तो हसून म्हणाला, “इल्ला.” म्हणजे नाही. अक्कलकोटकडच्या गिऱ्हाइकांमुळं तेवढं कन्नड मला कळतं. मी थोडा वर सरकलो. “इल्ला.” मी साडीच्या काठात खोट काढली. त्यानं चहा मागवला. आवाज चढवला तरी तो चिडेना. भांडणारा माणूस मला परवडतो हो, पण जो चिडतच नाही त्याचं करायचं काय?

बाहेर अंधारून आलं. दुकानातली बाकीची माणसं उठून राजवाड्याच्या दिशेनं जायला लागली. शालन उठली, माझी बाही धरली.

“अवो, चला की.”

मी वळून बघितलं. आता इथं मला थांबावंसं वाटतंय — पण नको. तिचा चेहरा कोरा नव्हता. आमच्या नाटकात ती बाही दोन बोटांनी ओढायची. आज तिनं मुठीत धरली होती. हे नाटक नाही, हे मला कळलं. स्वच्छ कळलं. आणि मी काय केलं? दुकानदाराकडं वळून म्हणालो, “देखो, मॅडम जा रही है. आखरी बोलो.”

“इल्ला.”

मी परत बसलो. किती वेळ गेला, सांगत नाही. शेवटी साडी न घेताच उठलो, आणि तरी — तरी मी पायरीवर उभा राहिलो. हाक येईल म्हणून. ती खाली रस्त्यावर, मी वर पायरीवर. हाक आली नाही. त्या माणसाचा राग अजून माझ्या मनात आहे.

रिक्षानं फाटकाशी पोचलो, आणि आमच्यासमोर सगळा राजवाडा एकदम विझला. तिला क्षणभर तरी दिसला का? मी विचारलं नाही. गर्दीत बार्शीकडचं एक कुटुंब होतं. त्यातल्या बाईंनी विचारलं, “दिवे हुकले का हो तुमचे?” आणि माझ्या तोंडून निघालं, “काय करता, हिचा पाय साडीच्या दुकानातून निघेना.” फटकन निघालं. आधी मनात जुळवायलासुद्धा लागलं नाही. त्याचा धक्का मला आजही बसतो. शालननं माझ्याकडं एकदाच बघितलं. मग चेहरा पुन्हा कोरा.

घरी आल्यावर हेच सांगितलं. भावकीत सांगितलं, दुकानात सांगितलं. घरात त्याची थट्टाच होऊन बसली. कुठं बाहेर निघायचं म्हटलं की आमची सून म्हणते, “आत्या, आवरा लवकर, दिवे जातील!”

मागच्या महिन्यात भावाचा नवा जावई आमच्याकडं जेवायला आला होता. सुनेनं त्याला म्हैसूरचा किस्सा ऐकवला. मला वाटलं, आज शालन बोलेल. माझा घास हातातच राहिला. ती वाढता वाढता म्हणाली, “व्हय बाबा. साडी म्हटली की मला काय सुचतच न्हाय. तवापासनं सगळी हसत्यात.” माझं खोटं तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, माझ्यासमोर, हसत. सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो.

त्या दुकानात त्या साडीला तिनं हातसुद्धा लावला नव्हता.