हळदीखालचे डाग

आईच्या तळपायावरचा काळा डाग आम्ही बाभळीच्या काट्याचा समजत होतो. तो निघाला कातडीचा कॅन्सर. नांदेडला ऑपरेशन झालं आणि नंतर सलाईनमधून औषध सुरू झालं. हे औषध शरीरालाच रोगाशी लढायला उठवतं, पण कधी कातडीवर, कधी लिव्हरवर उलटतं. अंग पिवळं दिसलं तर लगेच घेऊन या, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

आणि इकडे आमच्या सेनगावच्या शेतात हळद शिजायचे दिवस! जो तो पिवळा. हंगाम उरकला, सगळ्यांचे हात उजळले, आईचे मात्र पिवळेच. मी मुळात तापट. ओरडतच तिला जीपमध्ये बसवलं.

"काहून वरडून राहिला? मला काई झालं न्हाई," ती सारखी म्हणत होती.

डॉक्टरीणबाईंनी तिचे डोळे पाहिले. पांढरेस्वच्छ. मग ओला कापूस बोटांवरून फिरवला. हळद निघाली आणि खाली पांढरे डाग दिसले. ही बाई रोज सकाळी तेलात हळद कालवून हातांना चोळत होती!

"कोड फुटलं मला," आई खाली मान घालून म्हणाली. "नातीचं जमवायचंय. मला न्हाई घ्यायचं हे औषध."

मला हसावं की रडावं कळेना. डॉक्टरीणबाई तिच्याजवळ खुर्ची ओढून बसल्या. "आजी, हे औषधामुळं आलंय. तुमच्या रोगात असे डाग आले की पुष्कळदा औषध लागू पडत असतं. खात्री मात्र देत नाही."

शेवटचं वाक्य आईनं ऐकलंच नाही. येताना जीपमधल्या अनोळखी बाईलाही तिनं कौतुकानं डाग दाखवले. त्या दिवसांतली आई मला फार आठवते. सकाळी ओट्यावर उन्हात हात पुढे करून बसायची. "बघ रं, नवा हाये का?" असला की त्या दिवशी स्वारी खूश. नातीला हळद लावली ती त्याच हातांनी, सगळ्या पाहुण्यांसमोर.

पुढं रोग छातीत उतरला. औषध आता चालत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी मला एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं. मी घरी कुणाला बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी आईनं नेहमीसारखे हात पुढे केले. मी बराच वेळ बघत राहिलो. नवा एकही नव्हता.

"व्हय, हाये की," म्हणालो आणि एका डागावर बोट ठेवलं.

तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. "तो जुनाच हाये, लेकरा," म्हणाली, आणि माझा हात हातात धरून बसून राहिली.