ऊन खाणारे आणि चिमी

ज्या घरात सूक्ष्मदर्शक असतो, तिथे किस्से शेवाळासारखे वाढतात. काल घासून काढावेत, आज पुन्हा हिरवंगार!

आमचे हे मलकापूरच्या शाळेत सायन्स शिकवतात. सुटीत शाळेचा सूक्ष्मदर्शक आमच्याकडे येतो. त्याला ओरखडा पडला तर नागपूरच्या शिक्षण खात्याला काय सांगायचं, ही यांची काळजी. माझी वेगळी. आमची चिमी, नुकती बसायला लागलेली, जुलाबातून उठली आणि तिने खाणंच सोडलं. दूध घोटभर. चमचा दिसला की ओठ घट्ट! तिचा दंड माझ्या दोन बोटांच्या कडीत मावू लागला होता.

*

विहिरीजवळ जनावरांना पाणी प्यायला दगडी डोणी आहे. तिच्यातला एक थेंब काचेवर ठेवून यांनी मला हाक मारली.

"बघ, एकाच पेशीचा जीव!"

बाहेर पातळ कवच, आत हिरवा पेला, पुढे दोन शेपट्या आणि एक लाल ठिपका. उजेड कुठे आहे ते त्या ठिपक्याने कळतं म्हणे.

"हे खातं काय?"

"ऊन! पाणी आणि हवा घेतं, अन् उन्हावर स्वतःचं अन्न स्वतःच रांधतं."

सासूबाई दारातून म्हणाल्या, "तोंड नाही त्याचं पोट भरते. आमच्या पोरीले देवानं एवढं तोंड देलं, ते काऊन उघडत नाही?"

यांनी पुन्हा नळीला डोळा लावला. मी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी पास; थेंबभर पाण्यातही जीव असतात, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं.

*

त्या दिवसापासून मी पाणी उकळायला घेतलं. प्यायचं, भांड्यांचं, चिमीचे लंगोट धुवायचं. चूल विझेना.

सासूबाई शेजारच्या गोदामायला सांगत होत्या, "पाणी शिजवते व माही सून! उद्या फोडणी देईल!"

*

गोदामायही बघायला आली. नळीला डोळा लावला आणि किंचाळली, "माय व! केवढाले कायेकुट्ट पाय हायेत त्याले!"

हे म्हणाले, "माय, त्या तुमच्याच पापण्या आहेत. डोळा जरा मागे घ्या."

"म्हंजे किडे माह्या डोयात हायेत?"

आठवडाभर ती डोळ्यांत एरंडेल घालून फिरली. आमच्या घरचा चहा मात्र तिने सोडला.

*

यांनी डोणीचं पाणी दोन बाटल्यांत भरलं. एक खिडकीत, एक कपाटात. काही दिवसांनी खिडकीतली हिरवीगार, कपाटातली पिवळट.

"सगळे मेले?"

"नाही. काही जाती अंधारात हिरवेपण सोडतात आणि पाण्यात विरघळलेलं शोषून तग धरतात. पण तगच. वाढ नाही."

मी मधल्या खोलीकडे पाहिलं. आजारी लेकराला वारा लागू नये म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून चिमीला तिथे ठेवलं होतं. दारं बंद, खिडकीला घोंगडी. शिकलेल्या बाईने बाटलीवरून लेकराचा विचार करावा का? मला माहीत नाही. मी घोंगडी ओढून काढली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळच्या कोवळ्या उन्हात चिमीला घेऊन डोणीच्या काठावर बसले. सासूबाई दूध-भाकरीची वाटी घेऊन मागोमाग. "वारा लागीन तिले!"

मी पदर सावरला, तेवढ्यात चिमीने हात डोणीत घातला. मूठभर शेवाळ. आणि सरळ तोंडात!

मी ओरडलेच. इतकं पाणी उकळलं, ते यासाठी? बोट घालून तोंडातलं काढलं, हनुवटी पुसली. चिमी चिडली, रडायला तोंड उघडलं, हे एवढं! आणि सासूबाईंनी त्यात भाकरीचा घास ठेवला.

चिमी थांबली. चघळलं. गिळलं. पुन्हा तोंड उघडलं.

हे धावत बाहेर आले. "काय झालं? काय झालं?"

सासूबाईंनी वाटीतला दुसरा घास कुस्करला.

"काही नाही रे. ऊन खाऊन झालं तिचं. आता भाकर मागून राह्यली."