वास नसलेली दुपार

आमच्या घरात हवेचा निकाल एका नाकावर लागायचा, आणि ते नाक आमच्या ह्यांचं. बोईसरला रसायनांच्या कारखान्यात ऑपरेटर म्हणून ह्यांचं अर्धं आयुष्य गेलं. कामावरून आले की आधी गच्चीवर जायचे, मान वर करून हुंगायचे आणि खाली येऊन सांगायचे, "उघड खिडक्या." नाहीतर, "राहू दे." बिल्डिंगमधल्या बायकासुद्धा ह्यांना जिन्यात गाठून विचारायच्या, "भाऊ, चादरी वाळत घालू का?" माझं डोकंच फिरायचं. चादरी माझ्या, हात माझे, आणि परवानगी ह्यांच्या नाकाची. पण खरं सांगायचं तर ते नाक चुकायचं नाही. पहाटे उग्र वास असायचा. ऊन चढलं, समुद्राकडून वारा सुटला की गायब. आमच्याकडे सगळे हेच धरून चालतात. वास गेला म्हणजे हवा चांगली.

बारावीनंतर लेकीने पोलीस भरतीचं मनावर घेतलं. आम्ही मूळचे सांगलीकडचे, घराण्यात कुणी वर्दी घातलेली नाही. ती दिवसभर पुस्तकं घोकायची. उंचीत बसत होती, लेखीची भीती नव्हती. अडलं ते धावण्यापाशी. लहानपणी तिची छाती जरा नाजूक होती, म्हणून ह्यांनीच वेळ ठरवून दिली. सकाळी अजिबात नाही, सकाळी वास असतो. दुपारचं जेवण जिरलं, वारा सुटला की मग मैदान.

थंडी होती तोवर बरं चाललं. मार्चचं ऊन पडायला लागलं आणि पोरगी दुसऱ्या फेरीलाच छाती धरून खाली बसायला लागली. कोरडा खोकला, घशात जळजळ, श्वास म्हणून पुरा घेता येईना. मला वाटलं, खाणं कमी पडतंय. खारीक झाली, अंडी झाली, नाचणीची लापशी झाली, काही उपयोग नाही. ह्यांनी मात्र मनाला लावून घेतलं. "आपल्या कारखान्यांची हवा बाधतेय तिला," म्हणायचे, आणि जेवताना तिच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत.

पालघरजवळच्या माहीमची एक बाई आमच्या दारावर नारळ नि केळी घेऊन येते. तिची स्वतःची वाडी आहे. तिने पोरीला खोकताना ऐकलं. म्हणाली, "ताई, आमच्याकडं आना ना तिला. वाडीच्या मागंच समुद्र हाय. धूर नाय, वास नाय, पळू दे खुशाल." आम्ही रविवारी गेलो. दुपारचं आभाळ निळंभोर, वारा तोंडावर. ह्यांनी वाळूत उभं राहून छाती भरून श्वास घेतला आणि मला म्हणाले, "ही बघ हवा." आणि त्याच हवेत पोरगी थोडी धावून मटकन बसली. खांदे वरखाली होत होते, तोंडातून शब्द फुटत नव्हता. आम्ही दोघं तिची पाठ चोळत राहिलो. जरा बरं वाटल्यावर म्हणाली, "पप्पा, माझ्याच्याने नाही होणार. भरतीचं राहू दे." मला रडूच फुटलं. इतकी हट्टी पोर, कधी काही सोडलेलं नाही तिने.

दुसऱ्या दिवशी पालघरला छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेली. त्यांनी तपासलं, यंत्राच्या नळीत फुंकर मारायला लावली आणि विचारलं, "पळतेस कधी?"

"दुपारी," ह्यांनीच उत्तर दिलं. "वास गेल्यावर."

बाई थोड्या हसल्या, पण प्रेमाने समजावून सांगितलं. गाड्यांचा धूर, कारखान्यांतले वायू, सगळं उन्हात तापतं आणि त्यातून दुपारी जमिनीलगत ओझोन तयार होतो. वरचा ओझोन आपल्याला वाचवतो, हा खालचा छाती सोलून काढतो.

"म्हणजे विरजण सकाळी लागतं आणि दुपारी दही होतं," मी म्हटलं.

"तसंच. ऊन कडक असलं की दही लवकर लागतं."

"पण तिथे समुद्रावर कुठला धूर?" ह्यांनी विचारलं.

बाई बोलायच्या आत लेक सुरू झाली, भरतीच्या पुस्तकातलं पाठ केलेलं. "रात्री मतलई वारे, जमिनीकडून समुद्राकडे. दिवसा खारे वारे, समुद्राकडून..." आणि मध्येच थांबली. "म्हणजे आपलंच परत येतं?"

"दिवसभर ऊन खाऊन येतं," बाई म्हणाल्या. "आणि पूर्वेला डोंगर आहेत. वारा पडला की तिथेच कोंडून राहतं."

"मग वास?" ह्यांनी नाकाला बोट लावलं.

"इतक्याशाला वास नसतो, भाऊ."

बाईंनी श्वासाचा पंप लिहून दिला. उजाडताना पळवा म्हणाल्या, रात्रभर ऊन नसतं, ओझोन विरून जातो; आणि तेही कारखान्यांच्या वासात नको, पालघरला. तिथे पहाटेचा वारा डोंगराकडून येतो, वाटेत कारखाने नाहीत. घरी येताना हे रिक्षात एवढंच बोलले, "मीच पळवली तिला त्या हवेत." मी त्यांचा हात धरला. ह्या माणसाने मायेपोटीच केलं होतं सगळं. त्यानंतर रोज पहाटे अपुरी झोप डोळ्यांत घेऊन तेच तिला स्कूटरवरून पालघरला न्यायचे. जिन्यात कुणी चादरींचं विचारलं तर म्हणायचे, "माझ्या नाकाचं काही खरं नाही, वहिनी."

मैदानी चाचणीचं बोलावणं पहाटेचं होतं. पण मुली इतक्या आलेल्या, की लेकीचा नंबर लागेपर्यंत दुपार झाली. आई-बापांना आत सोडत नव्हते, आम्ही जाळीच्या कुंपणाला टेकून उभे. आभाळ स्वच्छ, वारा सुटलेला. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "नशीब, आज हवा छान आहे." ह्यांनी त्यांच्याकडे असं काही बघितलं, की ते गृहस्थ पलीकडे सरकले. लेक सावलीत बसून होती, डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे पंप घेऊन, उगाच इकडेतिकडे न धावता. शिट्टी वाजली तशी ह्यांनी डोळे मिटले. पूर्ण वेळ मिटूनच होते. मी सांगत होते, "पुढे आहे... वळली... अजून पळतेय हो, थांबली नाही."

वेळेत पोचली. थोड्या वेळाने कुंपणापाशी आली, लालबुंद, घामाने निथळत, दोन्ही हातांनी जाळी धरून धापा टाकत. ह्यांनी जाळीतून बोटं घालून तिचा हात धरला.

"छाती?" एवढंच विचारलं.

तिने मान हलवली. "काही नाही, पप्पा. नुसता दम लागलाय."

हे तिथेच खाली मातीत बसले आणि लहान पोरासारखे रडायला लागले.